पिंपळापुरे काकांची तपासणी

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली की मी कुकर तसाच सोडून आधी औषधांचा डबा लपवायचे. दारात पिंपळापुरे काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन, काखेत फाइल.

"अचानक तपासणी!"

रोज त्याच वेळेला येणारी तपासणी अचानक कशी, हे विचारायची सोय नव्हती. काका मूळ नागपूरचे, बदलीवर जयपूरला आलेले आणि इथेच निवृत्त झालेले बँकेचे तपासणी अधिकारी. चौमूंपासून कानोत्यापर्यंतच्या शाखा त्यांच्या नावानं चळचळा कापायच्या म्हणे. आता पाळी जगतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीची होती.

"अवो बाप्पा! ह्या डोळ्याच्या थेंबांची मुदत केव्हाचीच संपली! काय करून राहिली तू?" असं म्हणत ते माझ्या नावापुढे लाल शेरा मारायचे. समोरच्या शर्मा भाभींची तर लोणच्याची बरणीच त्यांनी नापास केली.

"अंकलजी, अचार तो पुराना ही अच्छा होता है!"

"दिनांक लिखो, भाभी. दिनांक नहीं, तो अचार नहीं."

झालं! सोसायटीची मीटिंग भरली आणि काकांनी कुणाच्याही घरी तपासणीला जायचं नाही, असं ठरलं. मीही हात वर केला. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांत काकांनी दाढी करणं सोडलं. जेवण निम्म्यावर आलं, रक्तदाब चढला. एका दुपारी काकू डोळे पुसत आमच्याकडे आल्या. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात गं. तू आपणहून बोलाव ना त्यांना." आणि पदराखालून खोकल्याच्या औषधाची मुदत संपलेली बाटली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

वर केलेल्या त्या हाताची मला फार लाज वाटली. बाटली समोरच दिसेल अशी ठेवली आणि फोन केला, "काका, घरात सगळा गोंधळ झालाय. येऊन बघता का जरा?"

काका आले. दाढी करून आले. बाटली उचलली, चष्मा कपाळावर सारून लेबल वाचू लागले. बराच वेळ वाचलं. मीही तेव्हाच नीट पाहिलं. औषधवाल्यानं बाटलीवर पेनानं पेशंटचं नाव लिहिलं होतं: पिंपळापुरे.

आता हे भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी फाइल उघडली. खिशातलं लाल पेन काढलं.

"दोष गंभीर आहे," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "सोमवारी पुन्हा पाहावं लागते हे. येऊ ना?"