रुख्माबाईंचा ठसका

संकटात माणसाची खरी ओळख पटते. पूर्वी त्यासाठी कोणाच्या तरी घरी जावं लागे. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात ही सोय मोबाईलवर झाली, आणि कुडव्यातल्या आमच्या 'जागृत नागरिक' ग्रुपने तिचा पुरेपूर लाभ घेतला.

रुख्माबाई अंगणात मिरच्या भाजत होत्या. ठसका लागला. समोरच्या गच्चीवरून ग्रुपचा ॲडमिन हेमेंद्र याने कर्तव्य म्हणून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला : 'आपल्या गल्लीत आला. घाबरू नका.' त्यामुळे सगळे घाबरले. 'गर्दी करू नका' या संदेशासोबत मोकळ्या गल्लीचा फोटो हवा होता. तो काढायला अर्धी वस्ती जमली आणि एकमेकांना बाजूला सरकवू लागली.

"मिरच्या भाजून राहिली होती मी," रुख्माबाई म्हणाल्या. "कायले व्हिडिओ काढला?"

"लोकायच्या भल्यासाठी, काकू," हेमेंद्र वरूनच म्हणाला.

(मिरच्यांचा खुलासा कोणी पुढे पाठवला नाही. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.)

रुख्माबाईंचे यजमान हिरालाल सडक अर्जुनीला भावाकडे अडकले होते. व्हिडिओ तिथे पोचेपर्यंत त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं होतं. त्यांनी लगेच घरी फोन लावला. तो रुख्माबाईंनीच उचलला.

"भात मांडून राहिली," त्या म्हणाल्या.

हिरालाल तरीही रडले, आणि सायकल काढून निघाले. गल्लीत शिरताच त्यांचाही व्हिडिओ निघाला : 'बाहेरगावचा माणूस.'

त्याच आठवड्यात रुख्माबाईंना खरोखरच ताप भरला. हिरालालनी ग्रुपवर लिहिलं, 'रुख्मेले दवाखान्यात न्या लागते. कोणाची गाडी भेटन का?'

ग्रुपची माणुसकी अशा वेळी दिसते. क्षणात जोडलेल्या हातांचा खच पडला. चंद्रकुमारने काढ्याची कृती पाठवली. डिंपलने रडका चेहरा पाठवला (आधी चुकून हसरा). गाडी कोणी पाठवली नाही. ॲपमध्ये तशी सोय नाही.

हिरालालनी बायकोला कॅरिअरवर बसवलं.

"लोक पाहून राहिले," ती म्हणाली.

"पाहू दे. कवापासून पाहूनच तं राहिले."

गच्चीवरून शीर्षक पडलं : 'डबलसीट. हे लोक कधी सुधारणार?'

दोन दिवसांनी दवाखान्याबाहेर बसलेल्या हिरालालना हेमेंद्रचा फोन आला. "काका, रिपोर्ट काय आला?"

"आता झोपली आहे. दोन घास खाल्ले."

"ते ठीक आहे. पण रिपोर्ट?"

हिरालालनी फोन ठेवला आणि ग्रुप सोडला. त्यामुळे रिपोर्ट काय आला, हे आम्हाला कळू शकलं नाही. वाचकांची यात फार निराशा झाली असणार, याची कल्पना आहे. रुख्माबाईंचा ताप उतरला का, हे मात्र अजून कोणीच विचारलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाही.