तीन मिनिटं अकरा सेकंद

"रंजिता, माझी नाकाची क्लिप कुठेय?" रविवारी सकाळी अकरा वाजता हरेश घरत सोफ्याखाली टॉर्च मारत ओरडला.

"सुकटीच्या पिशवीला लावलीय," किचनमधून बायकोचं उत्तर आलं. "काय घट्ट बसते हो! एक मुंगी आत जात नाही."

हरेशने क्लिप आणून नाकाला लावली आणि लगेच काढली. सुकटीच्या त्या वासात श्वास रोखायचं सोडाच, घेववतही नव्हता.

आता चाळिशीच्या माणसाला श्वास कशाला रोखायचा असतो? तर हरेशला फ्रीडायव्हिंगचं वेड लागलं होतं. सिलिंडर न लावता, एका श्वासावर समुद्रात बुडी मारायची. त्याचा पहिला धडा म्हणजे निपचित पडून श्वास रोखून धरणं. हरेशची गाडी चार महिने दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांवर अडली होती. आज दुपारी बारापर्यंत तीन मिनिटांचा सलग व्हिडिओ पाठवला नाही, तर लक्षद्वीपच्या शिबिरातून नाव कट, असं क्लबच्या अभिराम सरांनी बजावलं होतं. आणि हा पठ्ठ्या तुर्भ्याच्या कंपनीपासून करावे गावातल्या आत्यापर्यंत सगळ्यांना "मी लक्षद्वीपला चाललो" सांगून बसला होता. निळी नवीकोरी बॅगसुद्धा आणली होती.

नियम दोनच. मध्ये कोणाचा हात लागला तर बाद. आणि श्वास सोडल्यावर पंधरा सेकंदांत "आय ॲम ओके" म्हणायचं, नाहीतर बाद.

क्लिप गेली म्हणून हरेशने नाकात कापसाचे बोळे घातले. पंख्याने अंग शहारतं म्हणून चटईवर आडवा होऊन पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली. सुकटीचा वास जावा म्हणून रंजिताने त्याच्या उशाशी अगरबत्ती लावली, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि दार नुसतं लोटून ती कोथिंबीर आणायला खाली गेली. इतकं सगळं एकत्र दिसतं कसं, हे बघायला घरात कोणी उरलंच नाही.

हरेशने छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. मोबाईल दर तीस सेकंदांनी "टिंग" करायचा. दुसरी टिंग झाली आणि राहीआत्या बोंबलाच्या चटणीची बरणी घेऊन आत आली. ही हरेशच्या वडिलांची बहीण. लग्नात धवले गायची. तिचा आवाज करावे गावातून निघाला की सीवूड्स स्टेशनवर ऐकू येतो, असं लोक म्हणत.

आत्याने कापूस बघितला, चादर बघितली, अगरबत्ती बघितली आणि हंबरडा फोडला.

"अरं माज्या हऱ्याऽऽऽ! मना टाकून चाललास रं! काल तं फोनवर बोललास, आत्या चटनी आन, आता कोन खानार रं ही चटनीऽऽऽ!"

हरेशने सगळं ऐकलं. एक डोळा उघडला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण लक्षद्वीप! अजून थोडंच, आत्या, रड तू, असं म्हणत तो मनातल्या मनात मोजत राहिला.

रडणं ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह मोहिते धावत आले. मूळचे साताऱ्याचे, आता सोसायटीचे राजे.

"आरारारा! परवा तर पार्किंगवरनं भांडला माझ्याशी! चांगला मानूस व्हता. चुकीचा भांडायचा, पन चांगला व्हता."

पार्किंग माझंच आहे, हे सांगायला हरेशची जीभ वळवळली. त्याने दात आवळून धरले.

आत्या त्याच्या अंगावर पडणार, तेवढ्यात उदयसिंहांनी तिला अडवलं. "हात लावू नका! आधी डॉक्टरला बघू द्या." हरेशने त्यांना पार्किंग मनोमन बहाल केलं.

टिंग! पाचवी. हवेविना आता त्याचं पोट आपोआप उसळायला लागलं.

"पोट हाललं, पोट हाललं!" आत्या किंचाळली.

"गॅस असतो आत्या, नंतरबी हालतं," उदयसिंह जाणकारासारखे म्हणाले आणि मोबाईल काढून ग्रुपवर टाकायला लागले. "हरेशभाऊ गेले. लिफ्ट एक तास वापरू नये... पन लिफ्ट लहान. आडवं जानार न्हाय, उभंच न्यावं लागंल."

टिंग! तीन मिनिटं! हरेशच्या मनात नगारे वाजले. चार-दोन सेकंद वर असावेत म्हणून तो तसाच पडून राहिला, आणि आत्याने बाल्कनीतलं तुळशीचं पान फुलपात्रात बुडवून त्याच्या ओठांवर धरलं. पाण्याचा थेंब ओठांतून घशात गेला.

"हाऽऽऽक!" हरेश ताडकन उठून बसला.

उदयसिंह सोफ्यावर चढले. आत्याने हरेशला मिठी मारून त्याचं तोंड पदरात असं दाबलं की जे काम श्वासाने केलं नव्हतं ते मायेने होतंय की काय, अशी वेळ आली. बाहेर पडून त्याने आधी खोकून घेतलं, मग अंगठा दाखवला, मग ओरडला, "आय ॲम ओके!"

"मेला न्हाय ते दिसतंय!" सोफ्यावरून उदयसिंह म्हणाले. "आता मेसेज कसा डिलीट करू? चाळीस जनांनी हात जोडले!"

बाराच्या आत व्हिडिओ गेला आणि बारा वाजून वीस मिनिटांनी अभिराम सरांचं उत्तर आलं. "वेळ ३:११. शाब्बास! पण 'ओके' पंधरा सेकंदांत हवं होतं. तू सदतिसाव्या सेकंदाला म्हणालास. बाद. पुढच्या वर्षी बघू."

हरेशचं तोंड एवढंसं झालं. खालून परतलेली रंजिता कोथिंबिरीची जुडी निवडत त्याच्या शेजारी बसली. तेवढ्यात दुसरा मेसेज आला. "त्या रडणाऱ्या बाई कोण? एका श्वासात बावन्न सेकंद! मी तीनदा मोजलं. शिबिरात एक जागा रिकामी आहे. त्यांनी तीन मिनिटं श्वास रोखून दाखवावा."

"तीन मिन्टं?" आत्याने विचारलं. "श्वासाचा काय नाय रं. पन तवरा येल बोलायचा पन नाय?"

पुढच्या रविवारी आत्या त्याच चटईवर आडवी झाली. नाकात कापूस, गळ्यापर्यंत चादर. हरेश स्टॉपवॉच धरून बसला. सहावी टिंग होऊन गेली, आणि दारातून उदयसिंहांनी डोकावून बेताने विचारलं, "लिफ्ट चालू ठिवू, का बंद करू?"

"चालू ठेव रं मेल्या!" आत्या कडाडली. "मना चालत उतरवतोस काय?"

हरेशने स्टॉपवॉच दाबलं. तीन मिनिटं बारा सेकंद.

"आय ॲम ओके," आत्या म्हणाली.

हरेश उठला, आत गेला आणि निळी बॅग आणून तिच्या उशाशी ठेवली.