नानांची पकड

रंगनाथ नानांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कोणाला उघडत नसे. आमच्या अंगणातली तोटी ठिबकत होती, तेव्हा त्यांनी ती जाता जाता सहज पिळली आणि पुढचे दोन दिवस आम्ही शेजारून पाणी भरलं. शेवटी प्लंबर आणला. त्याने तोटीला हात लावून पाहिला आणि मशीन कोणी लावलं होतं, असं विचारलं. आईने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे एक पासष्टीचा, ठेंगणासा म्हातारा उघड्या अंगाने ओलं गोणपाट पिळत उभा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सिडकोतल्या जोडघरांत आमची आणि नानांची भिंत एकच होती, त्यामुळे तिकडे कोणी खोकलं तरी इकडे कळायचं. नाना मूळचे नांदगावकडचे. तरुणपणी बाजारात कांद्याची पोती उचलायचे. बाकीचे हमाल लोखंडी आकडा वापरायचे, हे नुसत्या बोटांनी पोत्याचे कान धरायचे. सुटीला जत्रेत जाऊन कुस्ती मारून यायचे. पुढे अंबडच्या एका कंपनीत लागले, निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त झाली नाहीत.

कुस्तीत अंगावर लंगोट सोडून काही नसतं, घामाने माणूस माशासारखा निसटतो, मग सगळा खेळ मनगट आणि बोटांचा, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यासाठी ते वाळूच्या बादलीत हात खुपसून मूठ वळायचे. वाळू भरलेला माठ पाच बोटांनी गळ्याला धरून अंगणात फेऱ्या मारायचे. आमचं शिळं वर्तमानपत्र तर त्यांनाच जायचं. हात सरळ ठेवायचा, पानाचा एक कोपरा धरायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी ओढत ओढत पानाचा बोळा करायचा. अग्रलेखाचं पान बोराएवढं होऊन कुंपणावर रांगेत बसायचं.

आमच्या मैदानात ज्यूदोचा क्लास सुरू झाला तेव्हा नाना पाहायला गेले होते. जाड पांढऱ्या कोटाची कॉलर धरून मुलं एकमेकांना पाडत होती. नानांनी बराच वेळ पाहिलं आणि क्लासच्या सरांना म्हणाले, "कापडाला धरलं तर कापडाशी कुस्ती झाली. मानसाशी कुठं झाली?" सर हसले आणि त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. त्यानंतर आठवडाभर सर डाव्या हाताने स्कूटरची किल्ली फिरवत होते.

मनगट धरायची त्यांना सवयच होती. नमस्कार वगैरे नाही, समोरच्याचं मनगट धरायचं आणि डोळे मिटायचे. एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या जोशींचं मनगट धरलं आणि चटका बसल्यागत सोडून दिलं. म्हणाले, "हा हात आधीच कुनीतरी धरलेला हाय." आठव्या दिवशी जोशी गेले. म्हणजे बदली होऊन नागपूरला गेले, पण ते आठ दिवस त्यांच्या घरी जेवण कोणाला गेलं नाही. आम्ही नंतर खूप हसलो. तरी नाना समोरून आले की लोकांचे हात आपोआप खिशात जायला लागले, हेही खरं.

आणि मग त्यांच्या बायकोचं, द्वारकामावशींचं, दिसणं बंद झालं. अंगणात तुळशीला पाणी घालणारी, आईशी कुंपणावरून वाटी बदलणारी बाई महिनाभर दिसली नाही, दोन महिने दिसली नाही. आईने भाजी घेऊन दार वाजवलं, तर नानांनी दार वीतभर उघडून वाटी आत घेतली आणि बरं नाही म्हणून सांगितलं. खिडक्या बंद. आतून कडी नानांनीच लावलेली, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला उघडायची शक्यता नाही.

कंपनीत माझी पहिली पाळी असायची. साडेतीनला घरी येऊन मी भिंतीला लागून आडवा व्हायचो आणि नेमका तेव्हा पलीकडून आवाज सुरू व्हायचा. आधी वाळू सरकल्यासारखा. मग पाणी ठिबकल्याचा. मग नानांचा दबका आवाज, "धर, पैलवान. सोडू नको. आजून धर." थोडी शांतता. मग धप्प. मग पुन्हा, "धर, पैलवान." दुसरा आवाज कधीच यायचा नाही.

पैलवान कोण, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. नानांच्या हातात जत्रेत एक गडी गेला होता, अशी बातमी कुठून तरी आली. तोच रोज दुपारी येतो, असं ठरलं. मी चार बुकं शिकलेला, कंपनीत मशीन चालवणारा माणूस, त्यामुळे मी हे हसण्यावारी नेलं. पण नाना एके दिवशी पेपर न्यायला आले तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावर बोटांचे लालसर वळ होते. ते नानांच्या बोटांचे नव्हते. बोटं बारीक होती. कुंपणावरच्या रांगेत आता गच्च बोळ्यांच्या शेजारी काही सैल बोळे दिसायचे, कोणीतरी नुकतंच शिकायला लागल्यासारखे. त्या दिवसापासून मी खाट दुसऱ्या भिंतीला लावली.

कोणीतरी त्यांच्या फाटकाला तोडगा म्हणून लिंबू-मिरच्या बांधल्या. नानांनी मिरच्या कोंबडीला टाकल्या आणि लिंबू तिथेच दोन बोटांत पिळून तांब्यात सरबत केलं. तांब्या घेऊन ते आत गेले आणि दार लागलं.

आईला मात्र झोप येईना. तिचं म्हणणं सरळ होतं. भुताचं भूत बघून घेईल, पण द्वारका जिवंत आहे की नाही, आणि असली तर त्या हातांत तिचं काय होतंय, हे कोणी पाहायचं की नाही. तिने मला पाठवायचं ठरवलं. मी टाळत राहिलो. एका दुपारी वीज गेलेली होती, पंखे बंद, सगळी गल्ली चिडीचूप, आणि पलीकडून नेहमीपेक्षा मोठा धप्प आवाज आला. त्यामागोमाग एका बाईचं कण्हणं. आई माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो.

वीज गेल्यामुळे वाऱ्यासाठी असेल, दाराला त्या दिवशी कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, ओल्या गोणपाटाचा वास. जमिनीवर द्वारकामावशी बसल्या होत्या, अर्ध्या आडव्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. नाना समोर उकिडवे. त्यांचं मनगट मावशींच्या उजव्या हातात होतं आणि तो हात बर्फावरून आणल्यासारखा पांढरा दिसत होता. बोटं हळूहळू, एकेक करून मिटत होती.

"लकवा मारला," नाना मान न वळवता म्हणाले. "उजवी बाजू गेली. डाक्टर म्हनतो, आता याच्यापरीस सुधारनार नाय. डाक्टरनं कधी लंगोट लावलाय?"

मावशी खाटेवरून उठताना घसरल्या होत्या. मी उचलायला वाकलो, तर नानांनी मोकळ्या हाताने मला अडवलं.

"उचलायचं मला येत नाय का? मन मन वजनाचं पोतं उचललंय. पन मी उचललं की ती पोतं झाली. तिनं धरलं पायजे."

मग मला सगळं दिसलं. खाटेखाली पातेल्यात वाळू होती. बादलीत पिळायला ओला रुमाल होता. उशाशी आमचं वर्तमानपत्र, अर्धवट चुरगाळलेलं. रोजचा धप्प आवाज, ती मनगट धरून उठता उठता पुन्हा खाटेवर बसायची, त्याचा होता. तालमीतला सगळा क्रम त्यांनी बायकोला लावला होता आणि पैलवान ती होती. असं वाकडं तोंड कोणाला दाखवू नका, असं तिनेच सांगितलं होतं, म्हणून दारं बंद होती. आम्ही त्या घरात भूत शोधत होतो, याची मला फार लाज वाटली.

त्या दिवशी मावशींना उठायला वीस मिनिटं लागली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मदत केली नाही. इतकं अवघड काम मी कंपनीतही केलं नव्हतं.

पुढे आठ महिन्यांनी द्वारकामावशी नानांचं मनगट धरून फाटकापर्यंत आल्या. सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती. त्यांनी पदराने तोंड झाकलं होतं, पण उजव्या हाताची मूठ सोडली नाही. नाना छाती काढून चालत होते, जत्रेत मानाचा फेटा बांधल्यासारखे. तेवढा एक उन्हाळा त्या रोज येत राहिल्या. पावसाळ्यात दुसरा झटका आला.

त्या गेल्या तेव्हाही दुपारच होती. भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही, म्हणून मी गेलो. नाना खाटेशेजारी बसले होते आणि त्यांचं मनगट तिच्या मुठीत होतं. बोटं ताठ झाली होती.

बायका जमल्या, आंघोळ घालायची म्हणाल्या. नाना उठेनात. एका जाणत्या माणसाने बोटं सोडवायला हात पुढे केला, तर नानांनी नुसतं पाहिलं आणि तो मागे सरला. पकड कितीही घट्ट असली तरी अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते, तिकडे मनगट वळवून हिसका दिला की सुटते, हे तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात. नानांनी तर कितीकांना शिकवलं असेल. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "नाना, सोडवता ना?"

"सोडवतो," ते म्हणाले. "थांब जरा. आशी तिनं कधी धरली नव्हती."

आम्ही थांबलो. बायका बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने नानांनी दुसरा हात पुढे केला. अंगठ्याकडे ते गेलेच नाहीत. करंगळीपासून सुरुवात करून त्यांनी तिचं एकेक बोट उचललं, आणि प्रत्येक बोटाला हळूच "शाब्बास" म्हणाले.