गृहीत हायड्रोजन

आमच्या रसायनसंस्थेचं पाणी बंद झालं आणि बाटल्या धुणाऱ्या मावशींची नोकरी जायची वेळ आली, ती माझ्या प्रोग्रॅममुळे. हे मी मान्य करतो. मात्र प्रोग्रॅम नियमाप्रमाणेच चालत होता, हेही नोंदवून ठेवावं.

काम साधं होतं. संगणकाला पदार्थाची रचना द्यायची आणि त्यानं कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू ते मोजून सांगायचं. आता रसायनवाल्यांची एक जुनी खोड आहे. रेणूची आकृती काढताना ते हायड्रोजन काढतच नाहीत. तो असायचाच, त्यात काय दाखवायचं, म्हणून गृहीत धरतात. माझा प्रोग्रॅम जे दाखवलंय तेवढंच मोजायचा. त्यामुळे पाणी घातलं की उत्तर यायचं, ऑक्सिजन शंभर टक्के. हायड्रोजनही मोजून हवा असेल तर ‘गृहीत अणू धरावेत का’ यापुढे ‘होय’ लिहायची सोय होती. ती पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर दिली होती. पुस्तिका मी लिहिली होती, त्यामुळे ती कुणी वाचली नव्हती.

मग नोंदणी विभागाला नवे साहेब आले. त्यांनी भांडारातला प्रत्येक पदार्थ या प्रोग्रॅममधून काढायला लावला आणि ज्यांचे आकडे सारखे, त्यातला एक दुबार म्हणून रद्द केला. शेगडीचा गॅस आणि कोळसा, दोन्ही नुसता कार्बन म्हणून एकच निघाले, गॅस गेला. गुरुवारी पाण्याचा नंबर लागला. ऑक्सिजनची तीन नळकांडी भांडारात होतीच, म्हणून दुपारी प्लंबरनं येऊन पाणी तोडलं.

“पाण्यात हायड्रोजन असतो, साहेब,” आमच्या वयस्कर रसायनबाई म्हणाल्या. “हे शाळेतली पोरंही सांगतील.”

“मलाही माहीत आहे,” साहेब शांतपणे म्हणाले. “पण माहीत असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं.”

मावशी माझ्या टेबलाशी आल्या. बावीस वर्षं त्या बाटल्या धूत होत्या. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि त्यानंतरच्या पेन्शनवर त्यांनी घर चालवायचं ठरवलं होतं. “अहो दादा, नळाला थेंब नाही. धुऊ कशानं?”

मी वर विचारणा केली. लेखी उत्तर आलं: बाटल्या उपलब्ध ऑक्सिजनने धुवाव्यात. मावशींनी निमूटपणे नळकांड्याची तोटी उघडली आणि दिवसभर बाटल्यांत फुसफुस करत राहिल्या. डाग तसेच राहिले. सोमवारी साहेबांनी निष्कर्ष काढला की बाटल्या धुतल्या जात नसल्याने धुणाऱ्या व्यक्तीची गरज उरलेली नाही.

आता मात्र मला राहवलं नाही. मी साहेबांकडे गेलो. “एक शब्द बदलायचा आहे, साहेब. ‘नाही’च्या जागी कायमचं ‘होय’ करतो, पाच मिनिटांत पाणी परत येईल.”

“आणि चौदा विभागांनी या आकड्यांवर अहवाल पाठवलेत, त्यांचं काय?” ते म्हणाले. “सगळे खोटे पडतील. बदला खुशाल. फक्त आधीचं उत्तर तुमच्यामुळे चुकलं, एवढं लिहून सही करा. तुमच्या बढतीची फाईल इथंच आहे, तिला जोडून टाकतो.”

मी कागद घेऊन जागेवर आलो. पेन उघडलं. मावशी दारातून बघत होत्या, म्हणून पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. मग आठवलं की पाणी नाही. लाज वाटली, खरंच वाटली. पण कागद मी खणात टाकला, आणि बढती पुढच्याच आठवड्यात झाली.

बढतीनंतरचं माझं पहिलं काम मावशींची नोकरी रीतसर संपवणं. कर्मचाऱ्यांची यादी उघडली, तर मावशींचं नाव तिच्यात नव्हतंच. मागच्या यादीत नव्हतं, त्याच्या मागच्या यादीतही नव्हतं. पगार किरकोळ खर्चातून निघत होता. त्या असायच्याच, म्हणून बावीस वर्षांत कुणी त्यांना लिहिलंच नव्हतं. साहेबांना हायसं वाटलं. नसलेल्या माणसाला काढावं लागत नाही आणि पेन्शनही द्यावी लागत नाही.

“म्हणजे मी इथं नव्हतेच का, दादा?” मावशींनी विचारलं. मी म्हटलं, नोंद नाही एवढंच. त्यांनी हात पदराला पुसले. ते कोरडेच होते.

तुम्हाला माझा राग आला असेल, आणि तो यायलाच हवा. साहेबांचं नाव त्यांच्या दारावर आहे, माझं आता माझ्या दारावर आहे, ती तुम्ही कधीही येऊन वाचू शकता. पण इतका वेळ मावशींसाठी जीव तुटत असताना, त्यांचं नाव काय, असं एकदा तरी तुमच्या मनात आलं का?