नथ्थूभाऊंचं नख

नथ्थूभाऊ आंघोळ करायचे तेव्हा डाव्या हाताचा अंगठा वर धरलेला असायचा. अंगणातल्या नळाखाली बसून सगळं अंग घासून व्हायचं, डोक्यावर चार तांबे पडायचे, पण तो अंगठा कोरडा. आमच्या गच्चीवरून पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा मलाच ‘झकास’ म्हणतोय. मीही अंगठा वर केला. ते भडकले.

“तुले गंमत वाटून राह्यली काय बे? नख भिजलं का नरम पडते. नरम नखानं काम होते का?”

काम म्हणजे बंदुका दुरुस्त करायचं. चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं परवान्याचं दुकान होतं. आता तिथलं शटर ओढलेलं असतं, तरी कंपनीच्या बसला जाताना माझी मान आपोआप तिकडे वळते. गिऱ्हाईक म्हणजे जंगलाकाठचे धानवाले शेतकरी, रानडुकरांपायी शेतरक्षणाचा परवाना काढलेले. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकालानंतर गंज चढून परत यायच्या. त्यामुळे निवडणुका नेमक्या कशासाठी घेतात, याबद्दल नथ्थूभाऊंना काही शंका नव्हती.

त्यांची खरी हुकमत मात्र एका खाचेवर होती. राइफलमधून गोळी सुटली की रिकामं काडतूस मागे ओढून काढणारा एक बारीक आकडा असतो. नवी नळी बसवायची झाली की त्या आकड्यासाठी नळीच्या मागच्या तोंडाशी खाच पाडावी लागते. उथळ पडली तर आकडा घासतो. खोल पडली तर काडतुसाचा आधार जातो, आणि ते तिथेच फुटलं तर राइफलीच्या धन्याचं काही खरं नाही. नथ्थूभाऊ मिलिंग मशीनवर खाच पाडत, बारीक कानशीने साफ करत आणि मग डोळे मिटून डाव्या अंगठ्याचं ते लांब नख तिच्या कडेवरून फिरवत. नख कुठे अडखळलं की “लागते” म्हणत आणि पुन्हा कानस उचलत.

“डोळा लबाड रायते. नख खोटं नाई बोलत,” हे दिवसातून चार वेळा ऐकावं लागे.

मी ऊर्जानगरला वीज केंद्राच्या मशीन शॉपमध्ये. माझा सगळा भरवसा मापांच्या उपकरणांवर. एकदा मी ऐटीत डिजिटल व्हर्निअर घेऊन गेलो, खाच मोजली आणि सांगितलं, एकदम बरोबर आहे. त्यांनी नख फिरवलं. “लागते.” भिंगाखाली धरून पाहिलं तर खरंच, कडेला केसाहून बारीक खरखर होती. मी व्हर्निअर गुपचूप खिशात घातला आणि चहा सांगितला.

नखाला ते बंदुकीचं तेल लावत. दुपारी आडवे होताना त्यावर बारा बोअरचं रिकामं काडतूस टोपीसारखं चढवत. माझ्यासाठी मुलगी पाहायला गडचिरोलीला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून त्यांना बरोबर नेलं. पोहे आले. सगळे मुलीकडे पाहत होते आणि नथ्थूभाऊ डोळे मिटून बशीच्या कडेवर नख फिरवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “पोरगी मस्त हाय. बशी लागते. पण बशीसंग काई तुले संसार नाई करायचा.” लग्न ठरलं.

या नखाला एकच वैरीण होती, त्यांची बायको शेवंताबाई. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे चाळीस वर्षं दोघांना भांडायला हाच एक हक्काचा विषय.

“कापा म्हनते ना ते नख! मानसाचं हाय का अस्वलाचं? त्याले येगळं ताट वाढू काय?”

साडीचा एखादा धागा त्यात अडकला की हे भाषण गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. बाकी नथ्थूभाऊ तिच्या शब्दाबाहेर नव्हते. तिने सांगितलं म्हणून तंबाखू सोडली, तिने सांगितलं म्हणून मिशी काढली. नखाचं नाव निघालं की मात्र त्यांना ऐकूच येत नसे.

गेल्या वर्षी शेवंताबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. गल्ली इतकी शांत झाली की आम्हाला करमेना.

त्याच सुमारास सिंदेवाहीच्या रामदासभाऊंची राइफल दुकानात होती. नवी नळी, खाच पाडून झालेली, फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलेला. धान लोंबीवर आलं होतं आणि डुकरं शेतात रोज लोळत होती, त्यामुळे रामदासभाऊ अगदी घायकुतीला आले होते. मी त्यांच्यासोबत दुकानात गेलो, तर नथ्थूभाऊंनी राइफल कापडात गुंडाळून ठेवली होती.

“हे नागपूरले न्या भाऊ.”

“काऊन? झालीच तं हाय!”

“माह्याच्यानं नाई होत आता.”

त्यांनी डावा अंगठा पुढे केला. नख मुळापर्यंत कापलेलं होतं.

“काल तिचं तोंड धुवून देत होतो,” ते म्हणाले. “गालावर ओरखडा पडला. रगत आलं. बोलता येत नाई तिले, नुसती माह्याकडे पाहून राह्यली. चाळीस वर्स सांगत होती, तवा आयकलं नाई मी.”

रामदासभाऊंचा त्रागा विरून गेला. “वाढन ना भाऊ नख. दोन महिने थांबतो मी.”

“आता वाढू नाई द्याचं,” नथ्थूभाऊ म्हणाले आणि राइफल त्यांच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून शेवंताबाईंची वेणी घालत होते. तीन पेडांचा हिशोब त्यांना काही जमत नव्हता. शेवटी शेवंताबाईंनी चांगल्या हाताने त्यांचा डावा अंगठा धरला, डोळे मिटले आणि कापलेल्या नखाच्या कडेवरून आपलं बोट सावकाश फिरवलं. ओठ हलले. बराच वेळ शब्द निघेना.

“ला... लागते.”

नथ्थूभाऊ उठले. दुकानातून ती बारीक कानस घेऊन आले, खाचेसाठी ठेवलेली, जिला कोणाला हात लावू देत नसत ती. नखाची कड घासली, फुंकर मारली आणि अंगठा पुन्हा तिच्यापुढे धरला. तिने पुन्हा बोट फिरवलं.

“अ... अजून.”

ते हसले. मी खिडकीकडे तोंड केलं. मागे कानस पुन्हा सुरू झाली होती.