केंद्रे सरांची हरकत

आमचे केंद्रे सर पटल्याशिवाय 'ओके' दाबत नाहीत. कॉम्प्युटरवर नाही, मोबाइलवर नाही, कुठंच नाही. पडद्यावर चौकोन उगवला आणि त्यात 'ओके' एवढं एकच बटण असलं, की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहते.

"दुसरं बटणच न्हाई! म्हंजे मी हो म्हणणार, हे ह्यानं आदीच धरलंय. कावून? मला इचारलं का?"

एकदा कॉलेजच्या कामासाठी आम्ही जीपनं बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. तिथल्या वायफायनं 'अटी मान्य आहेत का' असं विचारलं. तुम्ही-आम्ही काय करतो? हो म्हणतो आणि पुढं जातो. सर अटी वाचत बसले. चहा गार झाला, त्यावर साय धरली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. शेवटी सर उठून गल्ल्यापाशी गेले आणि म्हणाले, "तुमची शेवटून दुसरी जी हाय, तिला माझी हरकत हाय."

ढाबेवाला घाबरून म्हणाला, "काका, भाजी बदलून देऊ का?"

मी अंबाजोगाईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. केंद्रे सर तिथल्या संगणक केंद्राचे प्रमुख. 'केंद्राचे केंद्रे' हा विनोद दरवर्षी नव्या पोरांना जगात पहिल्यांदाच सुचल्यासारखा सुचतो आणि सर दरवर्षी नव्यानं संतापतात. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर, कारण सर्व्हरच्या खोलीत एसी. बाहेर वैशाखात गाव भाजून निघत असताना हा माणूस स्वेटर घालून कॅन्टीनला यायचा, आणि कोणी हसलं की उन्हावर चिडायचा.

त्यांचं तसं सगळ्यांशीच वाकडं. तासाची घंटा वेळेआधी झाली, हरकत. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच, हरकत. एखादा पोरगा दार उघडून, आत येऊन, समोर उभा राहून "सर, येऊ का?" म्हणाला तर संपलंच. "आलास की बे! आता काय इचारतो? जा, भाईर जाऊन इचार!" पोरगा बाहेर जाऊन विचारायचा. मग सर त्याला बसवून घेऊन त्याचं काम करून द्यायचे आणि पूर्ण वेळ बडबडायचे, "हे बरोबर न्हाई. लई वाईट वळण हाय."

आता मूळ भांडणाकडं येते.

कॉलेजातलं सगळं, म्हणजे रेकॉर्ड केलेली लेक्चरं, पोरांचे प्रोजेक्ट, जुन्या परीक्षांची कागदपत्रं, हे सरांनी तीन मशीन एकमेकांना जोडून त्यांत ठेवलं होतं. वापरणाऱ्याला ते एकच मोठं कपाट वाटतं. आत मात्र प्रत्येक फाइलची एकेक प्रत तिन्ही मशीनवर. एखादी डिस्क मेली तरी वस्तू हरवत नाही. हे सगळं सर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात हुकूम टाइप करून चालवत. तिथं 'ओके'चं बटण नव्हतं, म्हणून तिथं त्यांचा जीव रमायचा.

अशात आमचे प्राचार्य पुण्याच्या एका कॉलेजला भेट देऊन आले. तिथं भिंतीवर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर डॅशबोर्ड. किती जागा भरली, कुठली डिस्क चालू, कुठली बंद, सगळं रंगीत गोलांत. प्राचार्यांना त्यातलं काय कळलं ते देव जाणे, पण हिरवा रंग डोक्यात बसला.

"तपासणी समिती येणार आहे," त्यांनी मला बोलावून सांगितलं. "आपल्याकडं तसे हिरवे गोल पाहिजेत. केंद्रेंना तुम्हीच समजवा, मॅडम. माझं ते ऐकत नाहीत."

माझं ऐकत होते जसे!

"मशीन माझ्याशी सरळ बोलतात," सर कडाडले. "मधी दलाल कशाला? नवराबायकोच्या मधी बसवतो का आपण कोणाला?"

"सर, तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांना दिसावं म्हणून."

"बाकीच्यांना दिसून ते काय करणार हायेत?"

तरी बसलो. डॅशबोर्डचा भाग त्या प्रणालीत आधीच होता, फक्त सुरू करायचा होता. एक हुकूम दिला, सुरू झाला. दुसऱ्या हुकमानं सुरक्षेचं प्रमाणपत्र तयार केलं. मग पासवर्ड. सरांनी ओठ मिटून, माझ्याकडं पाठ करून पासवर्ड टाकला. उत्तर आलं, कमकुवत आहे.

"कमकुवत?" सरांनी खुर्ची मागं ढकलली. "मॅडम, हा माझ्या आज्याच्या बैलाच्या नावाचा पासवर्ड हाय. सबंध घाटनांदूरात त्याच्या जोडीचा बैल नव्हता!"

बैलाला पुढं दोन आकडे आणि मागं एक उद्गारचिन्ह जोडल्यावर तो मजबूत झाला. मग ब्राउझर उघडला, पत्ता टाकला, आणि लाल पाटी आली. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही.' प्रमाणपत्र आमचं आम्हीच बनवलेलं, ब्राउझरला ते ओळखीचं नव्हतं, एवढंच. खाली बारीक अक्षरात वाट होती, 'धोका पत्करून पुढे जा.'

"दाबा सर."

"कसला धोका?"

"धोका नाहीये."

"धोका न्हाई तर पत्करू कावून? अन् असंल तर पुढं जाऊ कशाला?"

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, त्या दुपारी मी त्यांच्यावर जेवढी ओरडले तेवढी घरच्यांवरही कधी ओरडले नाही. त्यांनी काही ते बटण दाबलं नाही. संध्याकाळपर्यंत खपून त्यांनी कॉलेजच्या मशीनना ते प्रमाणपत्र ओळखायला लावलं, तेव्हाच लाल पाटी गेली आणि डॅशबोर्ड दिसला.

हिरवा नव्हता. पिवळा होता. वर लिहिलं होतं, तब्येतीचा इशारा.

सर बघतच राहिले. कोणी यावं आणि आपल्या लेकराला 'हे असं खंगलेलं का?' म्हणावं, तसा चेहरा झाला त्यांचा. आत बघितलं तर तिसऱ्या मशीनचं घड्याळ बाकीच्या दोघांच्या मागं पडलं होतं.

"ते जरा निवांत हाय," सर पुटपुटले. "कधी कुणाचं काय अडलं का त्याच्यामुळं?"

"घड्याळं जुळवावी लागतील, सर."

"माहीत हाय मला!"

घड्याळं जुळली, गोल हिरवा झाला. सर त्याच्याकडं बराच वेळ बघत होते. मग काही बिघडलं तर निरोप कोणाच्या मोबाइलवर जावा, या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

समिती यायची त्या सकाळी दुसऱ्या मशीनमधली एक डिस्क मेली. आमच्या नशिबाचा भाग. काही हरवलं नव्हतं, उरलेल्या डिस्कांवर प्रती पुन्हा तयार होत होत्या. जे व्हायला पाहिजे तेच चाललं होतं. पण ते पूर्ण होईपर्यंत भिंतीवरच्या टीव्हीवर सगळं पिवळंधमक.

प्राचार्य पळत आले. "हे पिवळं घालवा!"

"कॉपी चालू हाय. झाली की जाईल," सर म्हणाले.

"समिती गेटवर आहे, केंद्रे! तो इशारा झाकायचं बटण असतं ना? ते दाबा."

बटण होतं. इशारा तात्पुरता गप्प करायचं. सरांनी हात मागं बांधले.

"डिस्क मेलीय. मेली म्हणून ते सांगतंय. त्याचं तोंड कावून दाबू?"

"मी सांगतोय म्हणून."

"मला पटलं न्हाई, साहेब."

सरांची निवृत्ती त्याच महिन्यात होती. पुढची दोन वर्षं त्यांना करारावर ठेवायचं ठरलेलं होतं, फक्त कागद निघायचा होता. हे प्राचार्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि हात मागं बांधून उभ्या असलेल्या त्या माणसालाही माहीत होतं. प्राचार्यांनी आमच्या दोघांकडं बघितलं, स्वतः वाकले आणि टीव्हीची पिनच उपटली.

समिती आली. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत एका सदस्यानं केस सारखे केले. दुसऱ्यानं विचारलं, हात कुठं धुवायचे? मग सगळे जेवायला गेले. इतक्या खटाटोपाच्या डॅशबोर्डकडं त्या लोकांनी ढुंकून पाहिलं नाही! मला असा संताप आला, की त्या दिवशीचे गुलाबजाम मी खाल्ले नाहीत.

करार निघाला नाही. त्या जागी कोणी नवा माणूसही आला नाही. केंद्र माझ्या गळ्यात घातलं, शिकवण्याच्या वर. मी तावातावानं सरांकडं गेले, म्हटलं, आपण वर दाद मागू, मी सही करते. ते ड्रॉवर रिकामा करत होते. म्हणाले, "त्यांनी ठेवतो म्हणले होते, ठेवलं न्हाई. मी दाबतो म्हणलो नव्हतो, दाबलं न्हाई. खोटा मी पडलो का?" आणि स्वेटर काढून पिशवीत घातला. बिनस्वेटरचे सर मी पहिल्यांदाच बघितले. अगदीच बारीक होते.

निरोपांच्या यादीत मी माझा नंबर घातला. त्यांचा काढावासा वाटला नाही, तसाच राहू दिला. त्यानं मात्र माझा जीव नकोसा झाला. मशीनचा निरोप यायचा आणि मी तो उघडायच्या आत सरांचा फोन. "मॅडम, खोलीतला एसी बंद केला का कोणी? तापलंय की ते!" मी तासावर असो, भाजीबाजारात असो, चुलत बहिणीच्या हळदीत असो. "कावून उचलंना तुमी? इकडं लाल झालंय!" दोन-तीनदा तर मी फटकारलं, सर, मी बघते ना! फोन ठेवायचे आणि अर्ध्या तासानं पुन्हा करायचे, "बघितलं का?"

मग प्राचार्यांना कुठून तरी कळलं. "निवृत्त माणसाला आपल्या मशीनचे निरोप कसे जातात, मॅडम? सोमवारी काढा."

माणूस कितीही न आवडो, बरोबर असतो तेव्हा बरोबर असतो. नंबर काढणं माझ्यासाठी दोन बोटांचं काम होतं. पण न सांगता काढायला मन धजेना. रविवारी बसनं घाटनांदूरला, सरांच्या गावी गेले.

घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. काकू मुलाकडं पुण्याला, सुनेचं बाळंतपण झालेलं. "दोन महिने म्हणून गेलती," सर म्हणाले, "आता पोरगं तिच्याबिगर झोपत न्हाई म्हणं." फोन खिडकीत पालथ्या डब्यावर उभा करून ठेवला होता. रेंज तिथंच येते म्हणे. त्याच्यासमोर खुर्ची.

चहा त्यांनी स्वतः केला. मी कप हातात घेऊन शब्द जुळवत होते, तेवढ्यात फोन वाजला. सर लगबगीनं उठले, चष्मा लावला, निरोप वाचला.

"हां, बोल. काय झालं? जागा भरत आली? अरे मग, परीक्षा जवळ आल्यात, पोरं टाकणारच. दम धर जरा, मॅडम इथंच हायेत, सांगतो." ते फोनशी बोलत होते. अजिबात न चिडता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कॉलेजात कधी ऐकला नव्हता.

वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर असेल काहीतरी.

"नंबर काढायला सांगितलाय का?"

मी मान डोलावली.

"मग काढा की! त्याच्यासाठी एवढ्या लांब यायचं का?" आवाज लगेच चढला. "खरं तर मी गेलो त्याच दिवशी काढायला पायजे हुता. भाईरच्या माणसाकडं असे निरोप जातात का कुठं? मी तिथं असतो तर तुमाला झापलं असतं. काढा, आत्ताच काढा, माझ्यासमोर."

"उद्या काढते, सर."

"उद्या नक्की. इसरू नका."

मी उरलेला चहा संपवला. बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. परतीच्या बसची वेळ झाली, मी पर्स उचलून उठले. सर दारापर्यंत आले, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"मॅडम, एक इचारायचं हुतं. चहा कसा झालता? मी आत्ता शिकतोय. गोड झाला का फिका, एकट्याला समजंना झालंय मला."

"थोडा गोड झाला होता, सर," मी म्हणाले.

"व्हय ना? मलाबी तसंच वाटतंय रोज." ते थांबले. "दुसरा करू का? कमी साखरेचा. पिऊन सांगा, जमला का."

रस्त्यावर बस हॉर्न देत होती. मी पर्स खाली ठेवली, आणि आत जाऊन बसले.