झाकणावरचं लेबल

पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर असलेल्या गृहस्थांना कामगार लेबलराव म्हणत, आणि ते नाव हळूहळू घरापर्यंत येऊन पोहोचलं होतं. घरात बिनलेबलाची वस्तू राहत नसे. मिठाच्या बरणीवर 'मीठ' होतं, आईच्या चष्म्याच्या घरावर 'आईचा चष्मा' होतं, आणि एका रिकाम्या डब्यावर 'रिकामा' असंही लिहिलेलं होतं. त्या डब्यात कोणी काही ठेवलं तर ते रागावत.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर नवराबायको डॉक्टरीणबाईंकडे गेले. मूल हवंय, असं दोघांनी लाजत सांगितलं.

"मग फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक. आजपासून," डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या. "दिवस गेल्यावर सुरू करू असं म्हणू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर आईला पत्ताही नसतो. त्याआधीच अंगात हे जीवनसत्त्व असलेलं बरं."

लेबलरावांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. येताना त्यांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या. आईला मधुमेह होता, तिच्या चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या संपल्या होत्या, त्याही घेतल्या. दुकानात नेहमीच्या नव्हत्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या आणल्या.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून दोन सारख्या तपकिरी बाटल्यांत भरल्या आणि पाकिटं टाकून दिली. आता, लेबल झाकणावर लावायचं नाही, बाटलीवर लावायचं, हा नियम कारखान्यात त्यांनीच केला होता. झाकणावर लेबल लावलं म्हणून एका मदतनिसाला त्यांनी अर्धा तास झापलंही होतं. पण बाटल्यांना बाक होता आणि झाकणं सपाट होती. सपाट जागेवर त्यांचं अक्षर फार सुंदर यायचं. त्यांनी दोन्ही झाकणांवर लेबलं लावली. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला की बेअरिंगची पेटी सापडत नाही. फोनवर ओरडता ओरडता त्यांनी झाकणं लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ही गोळी गोड लागते हो."

"हल्ली कंपन्या चवीचीही काळजी घेतात."

पलीकडून आई म्हणाली, "अरे, चहा अगदी अगोड झालाय."

"नवीन कंपनी आहे, आई. सवय होईल."

आठवड्याने आईने एका कपात दोन गोळ्या टाकायला सुरुवात केली. "अरे, या पिवळ्या कशा? आधीच्या पांढऱ्या होत्या."

"आई, तुला रंग प्यायचाय की चहा?"

महिन्याभराने बायकोने पुन्हा विषय काढला. "हे नक्की फॉलिक अ‍ॅसिडच आहे ना? पेपरमिंट चघळल्यासारखं वाटतं."

"लेबल वाचलंस का?"

"वाचलं."

"मग?"

त्या 'मग'पुढे बोलायची घरात कोणाची टाप नव्हती. बायको मुकाट्याने गोड गोळी खात राहिली. आई मुकाट्याने चहात साखर टाकू लागली, तीही लेबलराव अंघोळीला गेल्यावर.

तीन महिन्यांनी बायकोला दिवस गेल्याचं कळलं. त्याच आठवड्यात आईच्या रक्तातली साखर इतकी वाढली की डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही एकाच दिवशी, गोळ्या घेऊन बोलावलं. आईला त्या म्हणाल्या, "तुम्ही चहात जे टाकता ते दाखवा बरं."

आईने बाटली दिली. डॉक्टरीणबाईंनी गोळी तळहातावर घेतली, उलटून बघितली, मग बायकोची बाटली मागितली. दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती, आणि त्यांवरचं अक्षर खरोखरच सुंदर होतं.

"तीन महिने आजींनी फॉलिक अ‍ॅसिड घेतलंय," त्या म्हणाल्या, "आणि हिने चहाच्या गोळ्या."

सोबत आलेल्या लेबलरावांनी खिशातली वही काढून दोन रेघा मारलेलं पान उघडलं. "आणि ती नळी?"

"सातवा आठवडा चालू आहे. ती वेळ गेली. पण धीर सोडू नका. गोळी न घेतलेल्या बायकांचीही बहुतेक बाळं धडधाकटच असतात. गोळीने धोका कमी होतो, आणि ती संधी हुकली, एवढंच. आता बाराव्या आठवड्यापर्यंत तरी रोज घ्यायची. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत कणा नीट बघू."

तिघं घरी आले. दारात बायको म्हणाली, "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"हो."

"तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. माझी जीभ मला सांगत होती, आणि मी झाकण वाचत बसले."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. आईचं बोलणं तर आणखीच लागत होतं. "मला पिवळ्या दिसत होत्या रे," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "मी गप्प बसले. वर चोरून साखर खाल्ली."

त्या दिवशी लेबलरावांनी घरातली सगळी लेबलं खरवडून काढली. परिणाम एवढाच झाला की दुसऱ्या दिवशी चहात मीठ पडलं. तिघांनीही तो चहा तक्रार न करता प्यायला, आणि तेच लेबलरावांना सहन झालं नाही. आपण एवढं काय दरडावत होतो, की घरातली माणसं खारट चहाही बिनबोभाट पितात?

पुढचे अडीच महिने ते रोज कारखान्यातून आल्यावर बायकोच्या हातावर स्वतः गोळी ठेवत. पाकिटातून तिच्या डोळ्यांदेखत काढून, आणि 'चव कशी आहे?' असं विचारून. सोनोग्राफीत कणा सरळ दिसला. डॉक्टरीणबाई हसल्या, बायको रडली. लेबलराव मात्र मान हलवून म्हणाले, "दिसतोय, पण पडद्यावर." त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

दिवस भरले, मुलगी झाली. सिस्टरने कपड्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्यासमोर आणलं. मनगटाला कागदी पट्टी होती.

"पट्टीवर आईचं नाव आहे. वाचा आणि इथे सही करा."

"सिस्टर, आधी पाठ दाखवा."

"अहो, थंडी वाजेल तिला."

"एकदाच. हात जोडतो."

सिस्टरने कपडा सोडून बाळाला अलगद पालथं केलं. लेबलरावांनी मानेपासून कमरेपर्यंत एक बोट फिरवत नेलं, अगदी सावकाश. कुठे फट नव्हती, कुठे उंचवटा नव्हता. बाळ जोरात रडलं आणि त्यांच्याही डोळ्यांना धार लागली.

"चुकलो गं," ते त्या एवढ्याशा पाठीला म्हणाले.

खाटेवरून बायको बघत होती. सिस्टरने बाळ पुन्हा गुंडाळलं. लेबलरावांनी सहीसाठी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"सिस्टर, ही नक्की आमचीच ना?"

सिस्टर सकाळपासून उभी होती. "पट्टी वाचलीत का?"

"वाचली."

"मग?"

लेबलरावांनी मुकाट्याने सही केली. खाटेवर बायको हसत होती, कित्येक महिन्यांनी.